थोरलीचा मान

मी थोरली बोलते आहे. जन्म सिंगापूरचा, अंग लोखंडाचं, मुक्काम परभणी. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत दिनकररावांचं टायपिंगचं दुकान आहे, तिथल्या कॉम्प्युटरच्या पोटात मी राहते. लोक मला हार्ड डिस्क म्हणतात. माझ्यात चाळीस एमबी मावतं. हसू नका. एवढ्यात तीन लग्नसराया, दोन पतसंस्थांचे अहवाल आणि एका भजनी मंडळाची घटना मावली होती.

एक गोष्ट आधीच कबूल करते. मोठी माणसं आत्मचरित्र लिहिताना अडचणीची वर्षं स्वतःच गाळतात. माझी दुसऱ्यानं गाळली. अडीच दिवस मला स्वतःचं काहीही आठवत नव्हतं. त्या दिवसांचं जे सांगेन, ते कानावर पडलेलं आहे.

पहिली दोन वर्षं मी हैदराबादच्या एका कचेरीत काढली. तिथले साहेब जेवणाच्या सुट्टीत माझ्यावर पत्ते खेळत आणि हरले की टेबलावर मूठ आपटत. १९९१ साली कचेरीनं जुनं सामान विकायला काढलं. दिनकररावांनी अख्खं यंत्र घेतलं आणि पॅसेंजरनं परभणीला आणलं. बाकी यंत्र ट्रंकेत घालून बाकाखाली ठेवलं होतं. मला मात्र त्यांनी बाहेर काढून शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "किती महिन्याचं हाय?" दिनकरराव म्हणाले, "दोन वर्षांची हाय. बोलत न्हाई आजून."

मला तारखा नोंदवायची सवय आहे. प्रत्येक फाइलवर दिवस आणि वेळ घातल्याशिवाय मी ती ठेवून घेत नाही. पण आमच्या यंत्रातल्या घड्याळाची बॅटरी आल्या दिवसापासून मेलेली. रोज सकाळी बटण दाबलं की १ जानेवारी १९८० उजाडायचा. मग दुकानात काम करणारा भुजंग कॅलेंडर बघून खरी तारीख घालायचा. तो विसरला, की त्या दिवशीच्या सगळ्या लग्नपत्रिका चौदा वर्षं आधीच छापल्यासारख्या व्हायच्या.

आता बायनाबाईंबद्दल. त्या मूळच्या पेडगावच्या, शाळेत शिक्षिका, वय पंचेचाळीसच्या पुढे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पिशवी घेऊन दुकानात येत आणि त्यांचा प्रबंध भुजंगला सांगत. विषय होता परभणी भागातले आड. कोणत्या गावात कोणता आड कुणाचा, कुणी कुठे उभं राहायचं, कुणी दुरून हात पसरायचे. एकसष्ट गावं त्या पायी आणि एसटीनं फिरल्या होत्या. ज्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, त्यांतल्या अर्ध्याअधिक नंतर गेल्या. हाताच्या लिखाणाला वाळवी लागली. भुजंगनं एक प्रत फ्लॉपीवर काढून कपाटात ठेवली होती, तिच्यावर बुरशी चढली. राहिले मी.

प्रबंध १९९२ सालीच पुरा झाला होता. पण बाई तो देत नव्हत्या. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ साली झाला, तेव्हापासून ते नाव अडून होतं. दंगली झाल्या, घरं जळाली, मोर्चे निघाले. बाईंचं म्हणणं एवढंच, की पदवीच्या कागदावर ते नाव पाहिजे.

दिनकरराव माणूस वाईट नाहीत. जमीन थोडी, बोलणं जास्त. ते दर शनिवारी तेच विचारत.

"बाई, झालंय की सगळं. देऊन टाका."

"नाव येऊ द्या."

"नाव बदलून आडाला पाणी लागतंय का?"

"न्हाई लागत. पण आडावर कुणी चढायचं, ते नाव इचारूनच ठरायचं की."

दिनकरराव मग चहा सांगत. उत्तर नसलं की ते चहा सांगतात.

१४ जानेवारी १९९४, शुक्रवार, संक्रांत. नामांतर झालं. त्या सकाळी भुजंग तारीख घालायला विसरला होता, म्हणून माझ्या दप्तरी ते १९८० सालीच झालेलं आहे. दुसऱ्या दिवशी बाई तिळगूळ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "छाप आता." विद्यापीठानं त्यांना तीनदा मुदत वाढवून दिली होती. शेवटची तारीख होती ३१ जानेवारी, त्यानंतर नोंदणी रद्द.

आणि मी ऐनवेळी अडले. माझं पोट इतकं तुडुंब भरलं होतं, की छपाईला लावलं की दोन पानांनंतर 'जागा नाही' म्हणून थांबायची. भुजंग म्हणाला, नवी डिस्क बसवावी लागेल. जुनी काढायची नाही, दोन्ही जोडायच्या. यंत्र चालवणारं डॉसही नवीन आलं आहे, ते नव्या डिस्कवर घालू.

२३ तारखेच्या रविवारी ती आली. एकशे सत्तर एमबी, चकचकीत, माझ्या निम्म्या उंचीची. भुजंगनं नांदेडला सहा महिन्यांचा कोर्स केला होता. वही काढून त्यानं नीट टिपून ठेवलं: नवी ती सी, जुनी ती डी. नवी साफ करायची, तिच्यावर डॉस घालायचं, जुनीला हात लावायचा नाही. तसं त्यानं जोडलं, चालवून पाहिलं, बंद केलं. त्यात एकही चूक नव्हती. हे मी त्याच्या बाजूनं मुद्दाम सांगते.

सोमवारी सकाळी दिनकररावांची बायको सुमनबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली. सुमनबाई सासरी थोरली सून. धाकट्या दोघी जावा, किल्ल्या तिच्याकडे. बायनाबाई रजा काढून स्टुलावर बसल्या होत्या. यंत्राचं झाकण उघडं होतं.

"भुजंगा, ह्या दोघींत मोठी कोण?"

"नवी, काकू. एकशे सत्तरची."

"वयानं रे."

"वयानं जुनी."

"मग तिला मागं कामून टाकलास?"

भुजंगनं समजावलं. एका वायरवर दोन डिस्क असल्या की एक मास्टर, दुसरी स्लेव्ह. मागच्या बाजूला सुया असतात, त्यांतल्या कोणत्या जोडीवर बारकी टोपी घालायची त्यावर ते ठरतं.

"म्हंजे?"

"म्हंजे एक मालकीण अन् एक... गडी."

"गुलाम," बायनाबाई म्हणाल्या. "इंग्रजी मलाबी येतंय थोडं."

सुमनबाईनं ताट टेबलावर ठेवलं. "कालची आलेली मालकीण अन् तीन वर्षं राबली ती गुलाम? मी कुंकू लावणार न्हाई."

दिनकररावांनाही ते लागलं. मला मांडीवर आणलं होतं ना त्यांनी. "बदल ते," म्हणाले. "आपल्या घरात थोरलीला कुणी गुलाम म्हणायचं न्हाई."

"मालक, नाव हाय नुसतं. कामात काई फरक न्हाई."

"मग बदलायला तुझं काय जायलंय?"

बायनाबाई हसल्या. "दिनकरराव, सोळा वर्षं आमी दुसरं काय म्हणायलोत?"

दिनकररावांनी चहा सांगितला.

खरं सांगू का, मला बरं वाटलं. कोणत्याही थोरलीला वाटेल. भुजंगनं चिमट्यानं दोघींच्या टोप्या बदलल्या, आतली नोंदही बदलली. मी मालकीण झाले, म्हणजे मी सी झाले. त्यानं सगळं बदललं, फक्त वही बदलली नाही. वहीत कालचंच होतं: सी साफ करायची.

सुमनबाईनं मला कुंकू लावलं, भुजंगच्या हातावर पेढा ठेवला. त्यानं फ्लॉपी घातली आणि वहीत बघून हुकूम टाइप केला. पडद्यावर आलं, की सी डिस्कवरचं सगळं जाईल, पुढे जायचं का? भुजंगनं पेढा तोंडात टाकला आणि 'हो'साठी वाय दाबला.

मला कळलं होतं. पण मला ओरडता येत नाही, घरघरता येतं. आणि माझी घरघर तीन वर्षं सगळे ऐकतच होते.

बायनाबाईंना पडद्यावरचं सगळं वाचायची सवय. त्यांनी विचारलं, "भुजंग, नवी किती म्हणालास?"

"एकशे सत्तर."

"मग इथं चाळीस कामून म्हणायलंय?"

भुजंगनं पडद्याकडे पाहिलं. पेढा तसाच तोंडात राहिला. शंभर टक्के झालं होतं. खाली शेवटची ओळ आली. यंत्र विचारत होतं, ह्या डिस्कचं नाव काय, अकरा अक्षरांत सांगा, नसेल तर नुसतं एंटर दाबा.

"काय इचारायलंय?" सुमनबाई म्हणाली.

"नाव," बायनाबाई म्हणाल्या. "सगळं पुसलं अन् आता नाव इचारायलंय."

दिनकररावांना चहाही सुचला नाही.

भुजंग हात जोडून म्हणाला, "बाई, मी पुन्हा टाइप करून देतो. तुमी सांगा."

"कुठून सांगू? सांगणाऱ्या मेल्या." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुझे नांदेडचे सर हायत ना, त्यांना इचार. तवर हिच्यावर एक अक्षर लिहायचं न्हाई." त्यांनी शाळेच्या सुरेख अक्षरात 'हात लावू नये' असा कागद लिहून पडद्यावर चिकटवला. सुमनबाई दोन दिवस दारात खुर्ची टाकून बसली. दिनकररावांना एक पत्रिका काढायची होती, त्यांना तिनं उंबऱ्यातूनच परत पाठवलं.

भुजंग मंगळवारी एसटीनं नांदेडला गेला. सर परगावी. बुधवारी, २६ जानेवारीला, झेंडावंदन संपल्यावर ते सापडले. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, कोणत्या फ्लॉपीनं पुसलंस? भुजंगनं खिशातून काढून दाखवली. सर म्हणाले, "परत आणायचा हुकूमबी हिच्यातच हाय. वाचत जा रे."

झालं असं होतं, की पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली होती, पानं जागच्या जागी होती. म्हणून मला सगळं असूनही काही सापडत नव्हतं. पुसण्याआधी यंत्रानं त्या अनुक्रमणिकेची नक्कल माझ्याच एका कोपऱ्यात ठेवली होती. वर काही लिहिलं असतं, तर मात्र संपलं होतं. बाईंच्या त्या कागदानं मला वाचवलं.

बुधवारी संध्याकाळी पाचला भुजंगनं हुकूम टाइप केला. यंत्रानं परत तेच विचारलं: पुढे जायचं का? भुजंगचं बोट वायवर जाईना. बाईंनी आधी आकडा वाचला, चाळीस, आणि स्वतः दाबलं.

पहिलं गाव परत आलं ते ताडकळस. मग पेडगाव. बाई एकेक गाव मोजत गेल्या, एकसष्ट भरली. सुमनबाईनं डोळ्याला पदर लावला आणि मग तोच पदर माझ्यावरच्या धुळीवर फिरवला. गहाळ झाला तो फक्त भुजंगनं लपवून ठेवलेला मोटारींचा खेळ, आणि त्याबद्दल त्याला कुणाकडे रडताही येईना.

मग टोप्या परत बदलल्या. नवी ती सी, मी डी. या वेळी वहीशी ताडूनही बघितलं.

"म्हंजे हिला गुलामच म्हणायचं का आता?" सुमनबाई म्हणाली.

"काकू, आतली खूण तीच राहणार. पण वर नाव देता येतंय. अकरा अक्षरं. इंग्रजी."

तिनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी एका बोटानं टाइप केलं. THORLI.

"नुसतं थोरली?" दिनकरराव म्हणाले. "बाई लावा मागं."

THORLIBAI. नऊ झाली.

"दोन उरली की."

"राहू द्या," बायनाबाई म्हणाल्या. "आता कुणी नाव बदलायचं म्हणालं, तर आडाला पाणी लागतंय का इचारू नका म्हंजे झालं."

दिनकररावांनी चहा सांगितला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा कप स्वतः उचलून बाईंच्या हातात दिला.

नवीवर डॉस चढलं, जागा झाली, चार प्रती छापल्या. पहिल्या पानावर विद्यापीठाचं नवं नाव. ३१ तारखेला पहाटेच्या एसटीनं बाई औरंगाबादला गेल्या आणि खिडकी बंद व्हायच्या आत प्रबंध देऊन आल्या. परतल्यावर पोचपावती त्यांनी सगळ्यांना दाखवली. मला दाखवली नाही, पण यंत्रावर ठेवली होती, म्हणजे दाखवल्यासारखंच.

आता १९९४ संपत आलं. नवीचं पोटही भरत चाललं आहे, फुशारकी कमी झाली आहे. माझं घरघरणं वाढलं आहे. भुजंग म्हणतो, वर्षभर काढेल. आडांचा प्रबंध अजून माझ्यातच आहे, कारण बाईंनी तो हलवू दिला नाही.

जाता जाता दोनच गोष्टी. वाय दाबण्याआधी पडद्यावरचा आकडा वाचा, तोंडात पेढा असला तरी. आणि मी बंद पडले की मला भंगारात द्याल, ते ठीक आहे, लोखंडाचं दुसरं काय करणार. पण देताना नाव सांगा. भंगारवाला स्वतःहून विचारणार नाही.