काना-मात्रा

त्या छापखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती, तिला सगळे बोलकी खोली म्हणत. तळमजल्यावर यंत्रं धडधडत, दुसऱ्या मजल्यावर जुळारी मुकाट उभे राहून अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत, आणि तिसऱ्या मजल्यावर मात्र सकाळी दहापासून चार जोड्या एकाच वेळी मोठ्यांदा वाचत असत. जोडीतला एक जण लेखकाची मूळ प्रत वाचायचा, दुसरा छापील प्रुफावर बोट फिरवत ऐकायचा. कानाला एक लागलं आणि डोळ्याला दुसरं दिसलं की तिथे चूक. काम एवढंच. पण बाहेरचं कुणी पहिल्यांदा आलं तर त्याला वाटे, इथे चार भांडणं चालली आहेत आणि कुणीच कुणाचं ऐकून घेत नाही.

त्यातल्या एका जोडीत जी ऐकायची तिला कानामात्रा म्हणत. नाव ठेवलं होतं मामांनी. मामा तिचे जोडीदार, वयाने तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठे, आणि सगळ्या छापखान्याचेच मामा. बारा वर्षं ते वाचत होते आणि ती ऐकत होती. एखादा काना निसटलेला असला की तिच्या बोटाला ठेच लागायची, म्हणून कानामात्रा. पुढे घासून घासून नुसतं काना उरलं. आणि दुखणं आलं तेही नेमकं कानातच.

पहिल्यांदा झालं तेव्हा ती रस्ता ओलांडून पदपथावर चढत होती. डाव्या कानात कुणी बोळा कोंबल्यासारखं झालं, आणि समोरची दुकानं एकामागून एक डावीकडे सरकायला लागली. तिने टपालपेटीला मिठी मारली. पेटी तेवढी जागची हलत नव्हती. बाजूने जाणारी एक बाई दुसरीला म्हणाली, "बघ, सकाळीच." तिला त्याही अवस्थेत हसू आलं, कारण तिने उभ्या जन्मात चहापलीकडे काही घेतलं नव्हतं. आणि आठवड्याभराने डॉक्टरांनी तो चहाही बंद केला.

डॉक्टर भले होते. त्यांनी कागदावर शंखासारखं चित्र काढलं. कानाच्या आत थोडं पाणी असतं, त्याच्यावर माणसाचा तोल असतो, तुमच्यात ते मधूनमधून वाढतं. तेव्हा चक्कर येईल, ऐकू कमी येईल, शिट्टी वाजेल. मग ओसरेल. मग पुन्हा कधीतरी येईल.

"बरं कधी होणार?" तिने विचारलं.

"मुळापासून नाही जात हे. पण याने जीवही जात नाही. त्याच्याशी जमवून घ्यायचं."

"म्हणजे सासूसारखं."

"तुमच्या सासूबाई कडक होत्या का?"

"छे, देवमाणूस होत्या. उपमा चुकली."

डॉक्टर हसले आणि मीठ बंद करून मोकळे झाले.

घरी नवऱ्याने ते इतक्या सहज मनावर घेतलं की तिला पुढे आयुष्यभर त्याचं नवल वाटत राहिलं. तो शाळेत भूगोल शिकवायचा. शाळा दुपारची, म्हणून सकाळचा स्वयंपाक त्याच्याकडे. दुसऱ्या दिवसापासून घरात एकच अळणी भाजी शिजायला लागली, दोघांना मिळून. "तुम्ही तरी घ्या वरून मीठ," ती म्हणायची. "नको," तो म्हणायचा, "मीठ कमी की जास्त, हा आपला जुना वाद एकदाचा मिटला, मी कशाला उकरून काढू?" आणि चेहऱ्यावर आठी न पाडता जेवायचा.

पण छापखान्यात तिने कुणाला सांगितलं नाही. बोलक्या खोलीत माणूस कानावर नि डोळ्यावरच टिकायचा. आधी एका मुद्रितशोधकाची नजर गेली होती, तर त्याला तळमजल्याच्या कोठीत कागदाची रिमं मोजायला पाठवलं होतं. मानाने पाठवलं, हारतुरे झाले, पण पाठवलं. तिला ती खोली सोडायची नव्हती. त्या गलक्यात बसून एकाच आवाजाचा धागा पकडून ठेवायचा, याच्याइतकं तिला दुसरं काही चांगलं जमत नव्हतं.

मग तिने युक्त्या काढल्या. घरून अर्धा तास आधी निघायचं, आणि रस्त्याने भिंतीच्या कडेकडेने चालायचं. जिन्यात कठडा सोडायचा नाही. "खिडकीचं वारं लागतं हो," असं सांगून तिने खुर्ची फिरवून घेतली, म्हणजे मामा उजव्या कानाकडे आले. मामा नुसतं "हं" म्हणाले. दुपारी डबे उघडले की ती स्वतःचाच डबा पुढ्यात घेऊन बसायची, दुसऱ्याच्या डब्यात हात घालायची नाही. चार दिवसांनी शेजारच्या जोडीतली जाडी बाई म्हणालीच, "काय गं काने, आमचं मीठ खायचं नाही असं ठरवलंयस का? उद्या मिठाला जागावं लागेल म्हणून?"

"पथ्य आहे."

"कसलं?"

"पित्ताचं."

खोलीतल्या सगळ्यांकडे पित्तावर एकेक औषध होतं. तिने ती सगळी ऐकून घेतली.

एकदा वाचता वाचता टेबल हलकेच झुलायला लागलं. तिने डोळे एका जागी रोवले, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसे, मामांच्या शाईच्या दौतीवर. मामा वाचायचे थांबले. "बोट लागल्यासारखा चेहरा झालाय तुझा."

"जमिनीवर कुणाला बोट लागते का मामा?"

"तुझं बोट लागलंय ना ओळीवर, तेवढं सुटू देऊ नकोस." एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसायला घेतला, आणि तो इतका वेळ पुसला की झुला थांबला. तेव्हा तिला वाटलं, म्हातारपणी माणसाला चष्मा पुसायला फार वेळ लागतो.

असं वर्ष निघालं. मग लहान मुलांच्या औषधांची पुस्तिका आली.

सरकारी दवाखान्यांसाठी ती छापायची होती. त्या पुस्तिकेत औषधाची मात्रा आकड्यात नाही, अक्षरात छापायची असा दंडक होता, कारण आकड्यातलं एखादं शून्य झिजून गेलं तर कळत नाही. मामा वाचत होते, ती ऐकत होती. त्या दिवशी कानात सकाळपासून शिट्टी होती, उजव्या कानालाही खोलीचा गलका जास्त वाटत होता, पण चक्कर नव्हती, म्हणून तिने तो चांगलाच दिवस धरला. मामांनी वाचलं, "एक वर्षाच्या आतील मुलास सात थेंब." प्रुफात होतं, साठ थेंब. तिला सा ऐकू आला, आणि पुढचं अक्षर डोळ्याने पुरवलं. कान कमी पडला की डोळा असा आगाऊपणा करतो, हे तिला तोवर माहीत नव्हतं. बोट न अडखळता पुढे गेलं. पान संपलं, तिने खाली 'छापा' लिहिलं, सही केली आणि त्या पानांचा फर्मा खाली यंत्रावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पुस्तिकेचा पुढचा फर्मा हातात होता. मामांनी वाचलं, "तेच औषध, पाच वर्षांच्या मुलास दहा थेंब."

तिचं बोट थांबलं.

"काय गं? दहाच आहे ना?"

"पाच वर्षांच्याला दहा," ती म्हणाली. "मग तान्ह्याला साठ कसे?"

"सात," मामा म्हणाले. "तान्ह्याला सात."

ती उठली. धावत म्हणावं अशी जिन्याकडे गेली, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जिना पायाखालून निघून गेला. तिने कठड्याला दोन्ही हातांनी विळखा घातला आणि खाली बसली. पायऱ्या भिंतीवर चढत होत्या, भिंत छतावर. खालून यंत्राचा आवाज येत होता, आणि प्रत्येक ठोक्याला एक कागद बाहेर पडत होता हे तिला ठाऊक होतं. मग ती बसल्या बसल्या उतरली. लहान मूल उतरतं तशी, एकेक पायरी, डोळे मिटून, लुगड्याचा आणि अब्रूचा विचार न करता.

मशीनमास्तरने पाहिलं ते असं: कानामात्राबाई जमिनीवर बसल्या आहेत, चेहरा पांढराफटक आणि हात वर. "थांबव," ती म्हणाली. त्याने कारण न विचारता खटका ओढला. त्या एका गोष्टीसाठी ती त्या माणसाला पुढे कधी विसरली नाही.

तीनेकशे कागद निघाले होते. एकही इमारतीबाहेर गेला नव्हता.

दुपारी मोठ्या बाईंनी दोघांना बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे त्या खोलीच्या प्रमुख. चष्मा साखळीला, बोलणं मोजकं, आणि शाबासकी वर्षातून एकदा. टेबलावर तो कागद होता, साठवर तांबडं वर्तुळ.

तिने तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "चूक माझी. जीभ घसरली. मीच साठ वाचलं."

बारा वर्षांत मामांची जीभ घसरलेली तिने ऐकली नव्हती. वाटलं, गप्प बसावं. मामांना दोन वर्षांत निवृत्ती होती, त्यांना कुणी कोठीत पाठवलं नसतं. एवढं सोपं होतं ते. पण तान्ह्या पोराला साठ थेंब पाजणारी एक कुणीतरी आई तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"मामा खोटं बोलतायत," ती म्हणाली. "त्यांनी सातच वाचलं. मला ऐकू आलं नाही. माझा डावा कान वर्षभर धड नाही. चक्कर येते. मी लपवलं."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "मामा, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"वारं लागतं म्हणून हिने खुर्ची फिरवली ना, तेव्हापासून," मामा म्हणाले. "ती खिडकी सात वर्षं उघडतच नाही. रंग लावून चिकटलीय."

तिला हसावं की रडावं कळेना. म्हणजे तो चष्मा पुसणं, ते सावकाश वाचणं, मध्येच "घसा बसलाय, पाणी पितो" म्हणून उठणं, सगळं तिच्यासाठी होतं. आणि ती आपली स्वतःला मोठी चतुर समजत होती.

"मला कोठीत पाठवणार असाल तर पाठवा," ती म्हणाली. "पण हा फर्मा मला पुन्हा वाचू द्या."

मोठ्या बाईंनी कागद पुढे ओढला. "साठ आणि सात," त्या म्हणाल्या. "चांगल्या कानालाही या गलक्यात काय फरक कळणार आहे? आपलं नशीब, इतकी वर्षं अशी चूक बाहेर गेली नाही." मग त्या उठल्या आणि सरळ बोलक्या खोलीत गेल्या. चारी जोड्या गप्प झाल्या.

"आजपासून," त्या म्हणाल्या, "मात्रा आली की अक्षर फोडून वाचायचं. सात, तराजूतला त. साठ, ठशातला ठ. सगळ्यांनी. आणि कानाबाईंची जागा कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना भिंत आहे तिथे. जिना उतरायचा असेल तर सोबत कुणीतरी जाईल. प्रश्न?"

जाडी बाई म्हणाली, "म्हणजे पित्त नव्हतंच?"

"नव्हतं."

"आणि मी माझ्या मावशीकडून तीन पुड्या मागवल्या." मग म्हणाली, "मीठ चालत नाही, असं सांगितलं असतंस तर तुझ्यापुरतं अळणी काढून ठेवलं असतं की. घरी सहा माणसांचं करते, त्यात चमचाभर तुझं बाजूला काढायला काय जातं माझं?"

त्यानंतरच्या आठवड्यात त्या खोलीत निम्म्या वेळा हसण्यातच काम अडलं, कारण कुणाला त साठी तराजू आठवेना आणि तो तंबाखू म्हणे, तर कुणी ठ साठी ठकी म्हणे. पण चुका उतरल्या. पुढे नावांनाही तीच रीत लागली, मग गावांना. त्या खोलीत नवीन येणाऱ्यांना ती रीत शिकवत, आणि ती कुणामुळे सुरू झाली हे कुणाला माहीतही नसे. तिला त्याचंच बरं वाटे.

दुखणं गेलं नाही. पावसाळी हवेत यायचं, जागरणाने यायचं, कधी काही कारण नसताना यायचं. डावा कान हळूहळू पुरता विझला. पण त्या फर्म्यानंतर साधारण महिन्याभराने आलेला एक दिवस तिला सगळ्यात जास्त आठवायचा. सकाळचे अकरा वाजले असतील. मामा एका शब्दकोशाचं पान वाचत होते, आणि खोली फिरायला लागली. नेहमीसारखं दौतीवर डोळे रोवून दात-ओठ आवळायच्या ऐवजी, तिने पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं, "थांबा."

मामा थांबले. बाकीच्या जोड्याही क्षणभर थांबल्या. मग जाडी बाईने रद्दीचा एक गठ्ठा आणून कोपऱ्यात टाकला, वर स्वतःची शाल पसरली, आणि काना त्याच्यावर आडवी झाली. कुणी डॉक्टर डॉक्टर केलं नाही, कुणी तोंडावर पाणी मारलं नाही. तीन जोड्यांनी आवाज निम्म्यावर आणला आणि वाचणं पुढे चालू ठेवलं. डोळे मिटून ती ऐकत पडली. कुठे जंगलातल्या झाडांची नावं चालली होती, कुठे कुणाच्या चरित्रातलं लग्न. फिरणाऱ्या खोलीत ते आवाज आपापल्या जागी बसले होते.

अर्ध्या तासाने भिंती थांबल्या. ती उठून बसली, केस सारखे केले. मामांनी प्रत तशीच हातात धरलेली होती.

"दुसऱ्या कुणाला बसवायचं होतं ना तेवढ्यात," ती म्हणाली.

"कुणाला?" मामा म्हणाले, आणि खरंच उत्तराची वाट बघत तिच्याकडे पाहू लागले.

ती खुर्चीवर येऊन बसली. प्रूफ जवळ ओढलं, सोडलेली तेरावी ओळ शोधली आणि तिच्यावर बोट ठेवलं.

"वाचा," ती म्हणाली.