मटरच्या हंगामातली गोधडी

त्या दिवशीचं भांडण गोधडीवरून झालं असं गावात सांगतात, पण ते खरं म्हणजे जेवणावरून सुरू झालं. मी शेजारीच राहते, मला सगळं ऐकू येतं. जबलपूरजवळच्या पाटण रोडवरच्या आमच्या या गावात मराठी बोलणारी दोनच घरं. एक आमचं, एक भय्यासाहेब आणि विनताकाकूंचं. त्यामुळे त्यांच्या घरातलं भांडण मला समजतं, बाकी गावाला नुसता आवाज जातो.

भय्यासाहेब शेतातून भुकेजून आले होते. मटर तोडणाऱ्या बाया बांधावर बसून आपापली पोळी खाऊन राहिल्या होत्या आणि यांच्या घरी कुकर अजून चढायचा होता. विनताकाकू ओसरीत चटई टाकून गोधडीवर वाकलेल्या. त्यांनी मान वर करून पाहिलं, हातातला टाका पुरा केला आणि मग उठल्या. तो एक टाका पुरा केला, तेवढंच भय्यासाहेबांना लागलं.

"तिकडे मटर पिकून पिवळा पडून राहिला, अन् तू काहून इथे चिंध्या जोडत बसली?"

काकूंनी सुई कापडात खोचली. त्या सहसा उलटून बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या.

"पहाटपासून मी तिथंच तर होती. आत्ता येऊन बसली. आणि या गोधडीला कोणी हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

एवढं बोलून त्या कुकर लावायला आत गेल्या. पुढे दोन-तीन दिवस घरात कामापुरतंच बोलणं होतं.

काकूंचं असं आहे की त्या शेतकरणी नाहीत. जन्म शहरात, दीक्षितपुऱ्यातला, लग्नही तिथंच. भय्यासाहेब फॅक्टरीत होते. रिटायर झाल्यावर त्यांनी शहरातलं घर मुलाला, यशोधनला दिलं आणि इथे जमीन घेऊन दोन खोल्या बांधल्या. आयुष्यभर लोखंडाचा वास घेतला, आता मातीचा घेईन म्हणाले. काकूंना विचारलं होतं, पण विटा उतरल्यावर. तेव्हापासून थंडीचे दिवस म्हणजे मटर. वाकून वाकून तोडायचा, बोऱ्यांत, म्हणजे पोत्यांत भरायचा, गाडीत चढवून मंडीत धाडायचा. शिवाय कजरी म्हैस आहे, तिचं शेण, तिचं वैरण-पाणी. संध्याकाळी कंबर सरळ करायला काकूंना खांब धरावा लागतो.

गोधडी शिवायचा नाद मात्र त्यांना लहानपणापासूनचा. नात्यात कोणाकडे बाळ झालं की काकूंची गोधडी जायचीच. जबलपुरातली निम्मी मराठी पोरं त्यांच्याच गोधड्यांत वाढली असतील. पण घरात पाहाल तर एक नाही. शिवली की गेली. शहरातल्या सदर बाजारातला एक टेलर फौजींच्या वर्द्या शिवतो, तो त्यांच्यासाठी कतरन, म्हणजे उरलेले तुकडे, बांधून ठेवतो. सून सलोनी गावी येताना ते गाठोडं घेऊन येते.

ही गोधडी त्याच कतरनीतून निघाली होती. हिरव्याचे किती प्रकार असतात ते मी त्यात पाहिले. वर्दीचा मळकट हिरवा, कोणाच्या ब्लाउजचा पोपटी, शाळेच्या स्कर्टचा गडद. त्या हिरव्यांच्या लांब पट्ट्या, मधून खाकीची बारीक रेघ, आणि एका कडेला लाल चौकड्यांचा तुकडा. मी एकदा विचारलं, हे आपलं शेत आहे का. काकू म्हणाल्या, काय माहीत, हात गेला तसं लावत गेली. बारीक धावदोरा, कडेकडून आत फिरत आलेला. अशी शिवण मशीनलाही जमली नसती. सलोनीने फोनवर फोटो काढला आणि मराठी मंडळाच्या बायांना दाखवला. त्यांनी हळदीकुंकवाला हस्तकलेचं प्रदर्शन ठेवलं होतं. गोधडी पाहिजेच म्हणाल्या. सलोनीने तसं कळवलं आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी मला तीनदा विचारलं की तिथे ती टांगतात की टेबलावर पसरतात.

म्हणजे बाळासाठी नसलेली अशी ही पहिलीच. आणि वेळ कुठला, तर दुपारी बाया जेवायला बसल्या की तेवढाच. घरी येऊन काकू अर्ध्या वेळात जेवायच्या आणि अर्ध्या वेळात शिवायच्या. त्या दिवशी जेवणच राहून गेलं, म्हणून भांडण.

मग मावठा आला, थंडीतला अवकाळी पाऊस. सकाळी आभाळ शिशासारखं झालं आणि दहाच्या सुमारास सुरू झालं. साधा पाऊस नव्हता, बोरांएवढ्या गारा. तोडलेला मटर आदल्या दिवशीच मंडीत गेला होता, ते बरं झालं. पण त्यासोबत घरातली प्रत्येक बोरी गेली होती. अंगणात, गोठ्यात, कुठे एक फाटकी बोरीसुद्धा नव्हती. आणि नेमकी त्याच दिवशी कजरी व्यायली.

रेडकू आलं ते जीव नसलेलंच. भय्यासाहेबांनी त्याला उलटं धरून चोळलं, नाकात फुंकलं, काही झालं नाही. कजरी थोडा वेळ उभी राहिली, त्याला हुंगत राहिली. मग तिचे मागचे पाय लटपटले आणि ती खाली बसली ती बसलीच. मान वळवून पोटाला लावली. कान हातात घेतले तर थंडगार.

भय्यासाहेबांनी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, अंगातलं कॅल्शियम उतरलंय, मी निघतो, पण नाल्यावर पाणी आहे, वेळ लागेल. तोपर्यंत तिला कोरडी ठेवा, गरम ठेवा, आडवी पडू देऊ नका. गोठ्याचा पत्रा एका कोपऱ्यात गळत होता. खाली चिखल, वरून गार वारा.

मी गेले तेव्हा भय्यासाहेब धावत आत-बाहेर करून राहिले होते. आधी सतरंजी आणली. मग पलंगावरची रजई. मग स्वतःच्या अंगावरची शाल काढून तिच्या मानेवर टाकली आणि नुसत्या बनियनवर, पावसात, तिचे कान चोळत बसले. म्हातारा माणूस. दात वाजत होते. एवढी मोठी म्हैस, एका रजईने काय झाकणार. पाठीचा अर्धा भाग उघडाच.

काकू दारात उभ्या होत्या. गोधडी आत खुर्चीवर घडी करून ठेवलेली, दारातून सरळ दिसत होती. भय्यासाहेबांनी आत-बाहेर करताना ती कितीदा पाहिली असेल. हात लावला नाही. एकदा तर तिच्या बाजूचा टॉवेल उचलला आणि गोधडी तशीच ठेवली. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि काकूंनीही पाहिलं.

काकू आत गेल्या, गोधडी उचलली, सुई काढून आपल्या पदराला खोचली आणि गोठ्यात येऊन कजरीच्या पाठीवर पसरली. पसरताना सवयीने कडा सरळ केल्या. मग स्वतः कजरीला पाठ टेकून बसल्या, म्हणजे ती आडवी पडायला नको. भय्यासाहेब तिकडून, काकू इकडून. मध्ये म्हैस. मी चहा करून आणला तो दोघांनी तसाच बसून घेतला.

डॉक्टर आला तोवर गारा थांबल्या होत्या. त्याने शिरेतून औषध द्यायला घेतलं, अगदी हळू, बाटली हातात धरून. औषध संपत आलं तसं कजरीच्या नाकावर घामाचे थेंब आले. तिने मान सरळ केली. डॉक्टर म्हणाला, अब उठेगी, हट जाओ. आणि ती उठली. पुढचे गुडघे, मग मागचं धड, एका झटक्यात. भय्यासाहेब लहान पोरासारखे हसले. डॉक्टर हसला, मी हसले. कापड फाटल्याचा आवाज आला तो काकूंनीच ऐकला. गोधडी घसरून पायाखाली गेली होती. कजरीचा खूर तिच्यावर होता आणि ती अंग झाडून उभी राहत होती.

त्या दिवशी कोणाला गोधडीचं सुचलं नाही. रेडकू पुरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी काकूंना अंगात कणकण होती, त्या उशिरा उठल्या. तोवर भय्यासाहेबांनी एक काम करून ठेवलं. शेण, रक्त, चिखल लागलेली गोधडी त्यांनी उकळत्या पाण्यात सोडा टाकून भिजवली आणि दगडावर आपटून स्वच्छ धुतली. आयुष्यात त्यांनी कपडा धुतला तो हाच. काकू बाहेर आल्या तेव्हा गोधडी कुंपणावर वाळत होती. लाल चौकडीचा रंग सगळीकडे उतरला होता. पोपटी मळकट झाला, खाकी गुलाबी झाली, अस्तराच्या पांढऱ्या साडीवर मोठा डाग. मधोमध खुराने फाटलेलं भगदाड, त्यातून आतला थर लोंबत होता.

भय्यासाहेब बाजूला उभे होते, हात लाल झालेले. म्हणाले, "सदरला जातो मी. टेलरकडून नवीन कापड आणून देतो, पाहिजे तेवढं."

काकू त्या भगदाडाच्या कडा जुळवून पाहत होत्या.

"कापड मिळेल हो," त्या म्हणाल्या. "त्यात गेलेल्या दुपारी कुठून आणू मी?"

रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा म्हणाल्या. भय्यासाहेब मग कजरीला वैरण टाकायला निघून गेले.

सलोनीचा फोन आला, आई, गोधडी कधी घ्यायला येऊ. काकूंनी सांगितलं काय झालं ते. सलोनी हळहळली, मग म्हणाली, जुनी कोणतीही चालेल, एखादी द्या. काकू म्हणाल्या, घरात कुठे आहे. ज्यांच्याकडे आहेत त्या पोरांनी पांघरून फाडल्या असतील आतापर्यंत. प्रदर्शन व्हायचं तसं झालं. कोणाच्या तरी क्रोशाच्या रुमालांचं कौतुक झालं म्हणे.

ऊन पडल्यावर शेतात पुन्हा तोडणी लागली. गारांनी निम्म्या शेंगांना डाग पडले होते, लवकर तोडल्या नाहीत तर सडल्या असत्या. बाया कमी आल्या होत्या, म्हणून मीही गेले. जेवायची वेळ झाली तशी नेहमीची बाई म्हणाली, काकी नहीं आई आज, बुला लाऊँ क्या. भय्यासाहेब ओळीत वाकलेले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"रहने दो," ते म्हणाले. "उनका अपना काम है."

त्या दिवशी त्यांनी आमच्यासोबत बांधावर बसून कोरडी पोळी खाल्ली. घराकडे फिरकले नाहीत.

दिवस कलल्यावर मी त्यांच्यासोबतच परत आले. ओसरीत चटई होती. सुई, दोरा, अंगुस्तान, कतरनीचं गाठोडं, सगळं समोर मांडलेलं. एकही टाका घातलेला नव्हता. काकू चटईवरच कुशीला वळून झोपल्या होत्या, तोंड थोडं उघडं, ती डागाळलेली, फाटकी गोधडी अंगावर ओढून. इतक्या गाढ की आमच्या पायांच्या आवाजानेही हलल्या नाहीत. मी त्यांना कधी दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं.

भय्यासाहेबांनी मला हाताने थांबवलं. चपला बाहेर काढल्या आणि आत जाऊन चहा ठेवला. भांड्यांचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी इतकी काळजी घेतली की शेवटी झाकण पडलंच.

काकू उठून बसल्या. क्षणभर त्यांना वेळेचं समजेना. चहा हातात आला तो घेतला, एक घोट पिऊन पाहिला, साखर नव्हती, पण तशाच प्यायल्या. कजरीने खाल्लं का, विचारलं. मटर किती राहिला, विचारलं.

"वरची पट्टी राहिली," भय्यासाहेब म्हणाले. "उद्या होईल."

"उद्या येते मी," काकू म्हणाल्या. कप खाली ठेवला आणि चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला. "सकाळी. दुपारी नाही."

"बरं," भय्यासाहेब म्हणाले.