जावयाचा पाट

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये जीन्स शिवण्याचा आमचा गाळा आहे. यजमानांच्या माघारी तो मी चालवते. माझ्या परवानगीशिवाय तिथे पंख्याचे बटणही कोणी दाबत नाही, असे माझी मुलगी रिद्धी चारचौघांत सांगते, आणि ते खरे आहे. तिचा नवरा अमित गेल्या दिवाळीपासून तिथे सुपरवायझर आहे. माणूस कामाला वाघ, पण रागाला आवर नाही.

गुरुवारी शिलाई वाकडी गेली म्हणून त्याने कापड कापायची मोठी कात्री मशीनवर बसलेल्या कामगार संध्याच्या दिशेने भिरकावली. ती तिच्या कानाजवळून भिंतीवर आदळली. संध्याने मशीनवर फडके घातले आणि ती निघून गेली.

रिद्धीकडून मला हे कळले. अमितला विचारले, तर म्हणाला, "लागली कुठे, आई? नुसती भीती घालायला फेकली."

"आज भिंतीने झेलली, जावईबापू. रोज झेलायला भिंत काही माझ्या पगारावर नाही."

संध्या परत आली नाही, तर बाकीच्या बाया मान खाली घालून शिवत राहतील आणि पुढची कात्री कोणाच्या तरी डोळ्यात जाईल, हे मला स्पष्ट दिसत होते. म्हणून मी रिक्षा करून बदलापूरला, कात्रपमध्ये तिच्या घरी गेले. तिची सासू भिमाबाई चहा घेऊन आली.

"ह्याआधीही फेकत होता?" मी संध्याला विचारले.

"बंडल फेकायचे. एकदा शेजारच्या मशीनवरच्या विठाच्या पाठीत बसलं."

"मग मला सांगायला तोंड नव्हते?"

भिमाबाईने कप आपटला. "तोंड होतं हो. पण अख्खा गाळा त्यांना जावईबापू म्हणतो. जावयाची तक्रार सासूकडं कोण नेणार? तुम्हीच सांगा."

मी चहा संपवला आणि उठले.

"उद्या ये," मी संध्याला म्हटले. "दारातच उभी राहा. पटले नाही, तर तिथूनच परत जा."

दुसऱ्या दिवशी घरातला पितळी फुल्यांचा पाट रिक्षात घालून मी गाळ्यात नेला आणि मशीनांसमोर मांडला.

"बसा, जावईबापू."

अमितला कुंकू लावले, हातात नारळ आणि शर्टपीस दिले. तो खुलला. मागून विठा पुटपुटली, "घ्या! कात्री फेकल्याचं बक्षीस!" दारातल्या संध्याचा चेहरा उतरला.

"झाला मान?"

"झाला, आई."

"मग उठा." पाट मी काखोटीला मारला. "जावयाचा मान घरी. तो मी आता घरी नेते आहे. इथे आजपासून जावईबापू कोणी नाही. इथे आहे तो सुपरवायझर अमित. त्याने किंवा आणखी कोणी हात उगारला, वस्तू फेकली, शिवी दिली, तर सगळ्यांनी मशीन बंद करायचे आणि मला बोलवायचे. कोणाचा रोज कापला जाणार नाही. पुन्हा घडले, तर अमितची नोकरी संपली. धोंड्याचे जेवण तेवढे चालू राहील."

विठा फिस्सकन हसली. अमितचे कान लाल झाले. नारळ टेबलावर ठेवून तो दारातल्या संध्याकडे वळला.

"चुकलं, ताई."

संध्या हलली नाही. "कात्री बांधा आधी."

त्याने जीन्सची पट्टी घेऊन कात्री टेबलाच्या पायाला बांधली. गाठ मी स्वतः ओढून पाहिली. तेव्हा कुठे संध्याने चपला काढल्या.

बुधवारी मी हिशेबाच्या टेबलाशी असताना अमितचा आवाज चढला. बंडल त्याच्या हातात होते आणि हात वर गेला होता. विठाचे मशीन थांबले. मग संध्याचे. मग एकेक करत सगळी. इतकी शांतता झाली, की शेजारचे लखूशेठ आत डोकावले.

"लाइट गई क्या, माताजी?"

"नाही शेठ, आत्ताच आली."

अमितने बंडल सावकाश टेबलावर ठेवले. बाहेर गेला, पाणी प्यायला, परत आला. "चालू करा, ताई," म्हणाला. संध्याने पायडल दाबले, आणि मी पुन्हा हिशेबाची वही उघडली.

रविवारी तो जेवायला आला. पाट मांडलेला होता. तो उभाच राहिला.

"बसू का, आई?"

"बसा, जावईबापू," मी म्हटले आणि रश्शाची वाटी काठोकाठ भरली.