गुंडाळ्याचा डाव

सकाळी सकाळी कोणी माझ्यासाठी कॉफी घेऊन आलं की मी समजून जातो, काहीतरी वाईट ऐकायला मिळणार. त्या दिवशी तर खुद्द ऑस्टरँडर मॅडमच कॉफी घेऊन आल्या. आमच्या बेसबॉल क्लबच्या खालच्या सगळ्या संघांची सूत्रं या बाईंच्या हातात. मार्चमध्ये आम्ही ॲरिझोनात सरावाला जमतो, तेव्हा कुणाला कुठल्या संघात घालायचं आणि कुणाला घरी पाठवायचं, हे त्याच ठरवतात.

"टॅकेट, टेक्सासच्या संघात एकच जागा उरलीय," त्या म्हणाल्या. "बड्रो नाहीतर पेगेरो. दुसरा जो राहील, त्याला सोडायचं."

"मग बड्रोला द्या. विचारता काय?"

"तुमच्या बड्रोने महिनाभरात एक तरी डाव स्वतः संपवलाय का?"

मी कॉफी प्यायलो.

आमच्या मागच्या मैदानांवर प्रेक्षक नसतात, धावफलक नसतो. नुसता सराव. पोरांचे खांदे जपायचे म्हणून नियम असा, की एका डावात पिचरने पंचवीस चेंडू टाकले की बस्स. तीन आउट होवोत न होवोत, पिचिंग कोचने हात वर करायचा आणि ओरडायचं, "गुंडाळा!" की सगळे चालू लागतात. बेसवर उभे असलेलेसुद्धा बाकाकडे निघतात. तो कोच म्हणजे मी. गेली चोवीस वर्षं मीच पोरांचे डाव गुंडाळतोय.

आणि त्या मार्चमध्ये सगळ्यांत जास्त डाव गुंडाळले ते लिलंड बड्रोचे. आर्कान्सामधल्या कुठल्याशा खेड्यातला उंच, हाडकुळा पोरगा. उजव्या हातात तोफ, पण ती कुठे उडेल याचा भरवसा नाही. चार चुकीचे चेंडू पडले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो. लिलंड असे बेस खिरापतीसारखे वाटायचा. पंचवीस चेंडू होऊन जायचे आणि मला हात वर करावा लागायचा. घरी बापाच्या कोंबड्यांच्या शेडा होत्या. "कोच, त्या वासात परत जायचं नाही मला," असं तो एकदा म्हणाला होता.

त्याला 'गुंडाळ्या' हे नाव ठेवलं अनेउदी पेगेरोने. पेगेरो डोमिनिकन, आझुआचा. आउटफिल्डर, म्हणजे लांबचे चेंडू अडवणारा. बॅट बरी, पाय चांगले आणि तोंड सगळ्यांत चांगलं. पहाटे मैदानावर पाय ठेवल्यापासून याचा पट्टा सुरू.

"काय गुंडाळ्या, आज अंथरूण आणलंयस का? गुंडाळायला बरं!"

लिलंड लाल व्हायचा आणि बूट बांधत बसायचा.

आता गंमत बघा. एक जागा आणि दोन माणसं ही गोष्ट गुप्त होती. म्हणजे नाश्त्याचे बरीटो संपायच्या आत सगळ्या तळाला ठाऊक झाली होती. आणि त्याच दिवशी आमच्याच पोरांचे दोन गट पाडून सामना ठेवलेला. लिलंड आणि मी एकीकडे, पेगेरो दुसरीकडे. मॅडमची छोटी गाडीही जाळीच्या मागे येऊन उभी राहिली.

पेगेरोने सुरुवातीलाच दोन सणसणीत फटके मारले. दुसऱ्यानंतर बेसवर उभा राहून त्याने टोपी काढून मॅडमना मुजरा केला. निर्लज्ज मेला! मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही.

मग लिलंडची पाळी आली. पिचरच्या उंचवट्यावर चढताना त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ती तोफ ठेव बाजूला. मी शिकवलेला संथ चेंडू टाक. हात तसाच जोरात आणि चेंडू सावकाश."

"तो मातीत पडतो, कोच."

"पडू दे. तुझ्या बापाची माती आहे का?"

पहिला बॅटर फुकट गेला. दुसऱ्याला त्याने आउट केलं. तिसऱ्याच्या बॅटच्या टोकाला लागून चेंडू मेल्यासारखा घरंगळला, तेवढ्यात तो बेसवर पोचला. चौथा आउट झाला आणि माझा जीव भांड्यात पडला. आणखी एक, फक्त एक! आणि नेमका तिथेच पोरगा गडबडला. पाचवा फुकट गेला. आता तिन्ही बेस भरलेले, दोन आउट. माझ्या मुठीतल्या मोजणीच्या यंत्राकडे बघितलं. पंचवीस.

शिवी आली ती गिळली आणि मी हात वर केला. "गुंडाळा!"

आमची पोरं निघालीसुद्धा. लिलंडने हातमोजा काखेत मारला, मान खाली घातली. झालं. जागा पेगेरोची झाली, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

आणि पुढचा बॅटर होता तोच पेगेरो. तो बॅट खांद्यावर टाकून होम प्लेटपाशी, बॅटरच्या जागेवर आला आणि हलेचना.

"कुठे निघालात रे सगळे? मी काय इथे ऊन खायला आलोय?"

"चल, हो बाजूला," मी म्हटलं. "नियम माहितीये ना?"

"नियम राहू दे, म्हातारबा. बेस भरलेत. मला मारायचंय."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी जवळ जाऊन आवाज खाली केला. "हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस. जा, बाकावर बस."

"नाही बसत." मग तो लिलंडवर ओरडला, "ए गुंडाळ्या! घाबरलास काय? फेक की!"

लिलंडने मान वर केली. महिन्याभरात पहिल्यांदा त्या पोराच्या तोंडावर राग दिसला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "कोच, माझा खांदा ठीक आहे. शप्पथ."

मी जाळीकडे पाहिलं. ऑस्टरँडर मॅडम हो म्हणेनात की नाही म्हणेनात, नुसत्या टक लावून बघत होत्या. पोराचा खांदा गेला असता तर दोष माझाच होता आणि नोकरीही माझीच गेली असती. पण खरं सांगतो, तेव्हा नोकरीबिकरी काही सुचलं नाही. मलासुद्धा बघायचं होतं! मी यंत्र खिशात टाकलं.

"हा एकच बॅटर," मी ओरडलो. "जागेवर जा सगळे!"

पहिला चेंडू धाडकन आला. स्ट्राइक. पेगेरो म्हणाला, "अरे वा, येतं की तुला!" दुसरा बाहेर गेला. तिसऱ्यावर पेगेरोने असा काही दांडपट्टा फिरवला की चेंडू डावीकडे कुंपणापार. पण फाउल! रेघेच्या हातभर बाहेर. तोही स्ट्राइकच, दोन झाले. तिसरा पडला की बॅटर आउट आणि सुटला लिलंड.

शेजारच्या मैदानावरचा सराव थांबला होता. पोरं जाळीला येऊन चिकटली. माती सारखी करणारे लोक झाडू टेकून उभे राहिले. पुढचे दोन चेंडू बाहेर पडले. आता एकही चुकीचा चेंडू परवडणारा नव्हता. बेस भरलेले, म्हणजे फुकट बेस दिला की धाव फुकट आणि जागाही गेली.

फाउल. पुन्हा फाउल. दोन स्ट्राइकनंतरचे फाउल मोजत नाहीत, म्हणून चालूच. लिलंड टाकतोय, पेगेरो कसाबसा काठ लावतोय. कोणीच हटेना! सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या सोडून पोरं तोंडं उघडी टाकून बघत होती. पेगेरोच्या तोंडाचा पट्टाही बंद पडला होता, म्हणजे बघा. मी ओरडत होतो, पण काय ओरडत होतो ते मला आजही सांगता येणार नाही.

मग लिलंडने हातमोज्याआड बोटं चाळवली आणि मला कळलं, हा आता तो संथ चेंडू टाकणार. देवा रे!

हात तोफेसारखाच आला. चेंडू मात्र वाटेत जणू रेंगाळला, पेगेरोच्या पायापाशी आल्यावर बुडाला. पेगेरोने बॅट फिरवली ती चेंडू यायच्या कितीतरी आधी. हवेतच!

मी टोपी उडवली. लिलंड दोन्ही हात वर करून बैलासारखा ओरडला. आमची पोरं नाचत बाकाकडे निघाली, पहिला बेस सांभाळणारा आमचा गडीही निघाला. कॅचर डेकरने चेंडू उचलून सवयीने उंचवट्याकडे लोळवला, तोंडावरची जाळी काढली आणि चालू लागला.

पंच तेवढा तिथेच उभा. हात खाली.

कारण चेंडू मातीत टप्पा घेऊन डेकरच्या छातीवर आपटला होता. त्याने झेललाच नव्हता! दोन आउट असताना तिसरा स्ट्राइक कॅचरने झेलला नाही, तर बॅटर आउट नाही, तो पहिल्या बेसकडे पळू शकतो. लहान पोरांनाही माहीत असतं हे. पण महिनाभर आम्ही अर्धे डाव हात वर करून संपवलेले. बाकाकडे चालत जायची इतकी सवय झालेली, की डाव खरोखर संपला का, हे कोणी बघितलंच नाही. मीसुद्धा नाही!

ध्यानात आलं ते एकट्या पेगेरोच्या. बॅट टाकून तो सुटला. "पळा रे, गाढवांनो! पळा!"

तिसऱ्या बेसवरचा दचकून होम प्लेटकडे धावत सुटला. पहिल्या बेसवर आमचं कोणी नाही, होम प्लेटवर कोणी नाही. मैदानात आमचा एकच माणूस उरला होता आणि तो हात वर करून आभाळाकडे बघत होता.

"बड्रो! चेंडू!" माझा घसा फाटला.

लिलंड वळला. चेंडू गवतात पडला होता, त्याच्यापासून चार पावलांवर. त्याने झडप घातली, चेंडू निसटला, पुन्हा धरला. फेकणार कुणाकडे? सगळे बेस भरलेले असताना चेंडू घेऊन नुसता होम प्लेटला हात लावला तरी आउट. तो पळाला. इकडून हा ताडमाड पोरगा, तिकडून धावणारा गडी, आणि मधे बाकाकडून परत वळलेला डेकर भांबावून उभा. त्याला ढकलून लिलंडने स्वतःला पोटावर झोकून दिलं. हात पुढे, मुठीत चेंडू. धुळीचा लोट उठला, त्यात काही दिसेना.

पंच वाकला. नवीनच पोरगा होता, घाबरलेला. मग त्याने मूठ हवेत हाणली. "आउट!"

जाळीपलीकडे जो गिल्ला झाला तो विचारू नका. लिलंड होम प्लेटला मिठी मारून पडला होता. तोंडात माती, हनुवटी सोललेली, आणि पोरगा हसत होता. पहिल्या बेसवर पेगेरो कमरेवर हात ठेवून उभा होता. मग तो सावकाश चालत आला, लिलंडला काखेत धरून उभं केलं, त्याच्या छातीवरची माती झटकली आणि बाकाकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे बदलायच्या खोलीच्या दारात ऑर्विल उभा होता. सामानाची व्यवस्था बघणारा आमचा ऑर्विल. मार्चच्या शेवटी तो दारात उभा राहिला की पोरांना घाम फुटतो. तो ज्याच्या खांद्यावर हात ठेवतो, त्याने ऑफिसात जायचं आणि मग सामान बांधायचं. लिलंड आला आणि त्याच्यासमोर खांबासारखा उभा राहिला.

"सांगून टाक," तो म्हणाला.

"काय सांगू? बाजूला हो की, लेका. मागच्यांना येऊ दे."

आत पोरांनी पत्र्याची कपाटं बडवून दणका उडवला. पण मागून पेगेरो येत होता. ऑर्विलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आतला दणका एकदम थांबला.

ऑफिसातून तो लगेच परत आला. बॅग भरायला त्याला वेळ लागला नाही. मला राहवलं नाही.

"गाढवा, मी हात वर केला होता," मी म्हटलं. "तू बाकावर जाऊन बसला असतास, तर आज टेक्सासला तू गेला असतास. कळत नव्हतं का तुला?"

"कळत होतं की."

"मग?"

"मग काय, कोच? तिथे कोणी विचारलं असतं, कसा आलास? काय सांगणार होतो? बेस भरलेले होते, मी बॅट घेऊन उभा होतो, आणि म्हातारबांनी हात वर केला म्हणून आलो?" त्याने बॅगेची चेन ओढली. "शरम वाटली असती मला."

मी साठीचा माणूस, पण डोळे भरून आले ते आलेच. लिलंड भिंतीला टेकून रडत होता, हनुवटीवर पट्टी लावलेली.

"ए, तू कशाला रडतोस?" पेगेरो त्याच्यावर खेकसला. "जागा तुझी, रडायचं मी! चल, इकडे ये. तो शेवटचा चेंडू. तो कसा धरतोस, दाखव."

लिलंडने नाक पुसलं आणि खणातून चेंडू काढला. बोटं कुठे ठेवायची, अंगठा कुठे वळवायचा, चेंडू तळव्यात किती आत घ्यायचा, सगळं त्याने दाखवलं. पेगेरोने आपल्या हातात घेऊन बघितला, बोटं जुळवली, मनगट फिरवून बघितलं.

"च्यायला! असं होय!" तो म्हणाला आणि जोरात हसला. "पुन्हा दाखव."

बाहेर विमानतळावर जाणारी गाडी सुरू करून ऑर्विल थांबला होता, आणि त्या दोघांना हाक मारायचं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं.