नापास फ्रेम

अश्विन मेश्रामला मत्सराचं दुखणं आजवर कधी नव्हतं. ते शहराच्या महाल भागातल्या एका भंगाराच्या दुकानात लागलं, आणि लागलं तेही जिवाभावाच्या मित्रापायी.

रविवारी सायकलवर भटकायचं आणि परतताना भंगाराची दुकानं धुंडाळायची, हा अश्विनचा आणि प्रशिकचा जुना छंद. त्या दिवशी कूलरच्या गंजक्या पत्र्यांमागे अश्विनलाच ती आधी दिसली. शर्यतीच्या सायकलची जुनी पोलादी फ्रेम. चाकं नाहीत, हँडल नाही, वर काळ्या रंगाचे थरावर थर. पण काय त्या बारीक नळ्या, अन् सांध्यांवर काय ते कोरीव काम! अश्विनचा जीव तिथंच अडकला. घरात आधीच दोन सायकली होत्या, म्हणून बायकोला, मेघाला, फोन करायला तो दुकानाबाहेर गेला. तिची समजूत घालून परत येतो, तर फ्रेम प्रशिकच्या खांद्यावर!

"अबे, तू तं काहीच न बोलता बाहेर गेला," प्रशिक हसत म्हणाला. "मले वाटलं, तुले नाही पाहिजे."

"नाही गा, मले काहून पाहिजे?"

आता बोला! तोंडचा घास गेला तो गेला, वर हसूनही दाखवावं लागलं.

पुढे प्रशिक धरमपेठेतल्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत फ्रेम घासायला बसला आणि रोज संध्याकाळी अश्विनच्या मोबाइलवर फोटो येऊ लागले. काळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली मूळचा निळा. अश्विन प्रत्येक फोटोला अंगठा पाठवायचा आणि जेवताना मेघावर विनाकारण खेकसायचा. बँकेत खुर्ची उबवणारा हा माणूस, याला धड पाना धरता येत नाही, आणि नशीब बघा याचं! अश्विन नुसता जळत होता.

सगळा रंग उतरल्यावर प्रशिक फ्रेम घेऊन कोराडीच्या कॉलनीत त्याच्याकडे आला. वीज केंद्रात वेल्डिंगचे जोड तपासणं हे अश्विनचं रोजचं काम.

"रंगाले द्याच्या आधी तू पाहून दे," प्रशिक म्हणाला. "तू पास केली का मी डोळे मिटून बसतो तिच्यावर."

अश्विनने भिंग लावून एकेक सांधा पाहिला. फ्रेम ठणठणीत होती. इतकी ठणठणीत की त्याने भिंग पुसून पुन्हा एकदा पाहिलं. खाली पायडलजवळ नळ्या एकत्र येतात तिथे कानशीचा एक साधा ओरखडा होता. त्याचं बोट त्यावर थांबलं.

"तडा आहे," तो म्हणाला. हे आपल्याच तोंडून निघालं यावर क्षणभर त्याचा विश्वास बसेना. मग पुढचं सोपं गेलं. "वेल्ड करूनही उपयोग नाही. उतारावर तुटली तं तोंडावर पडशीन. नापास."

प्रशिकचा चेहरा उतरला. पण त्याने दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही, फ्रेम उचलून निघून गेला. लगेच मागितली तर संशय येईल, म्हणून अश्विन गप्प राहिला. आठवडाभराने सहज विषय काढायचा, भंगारात घालण्यापेक्षा मला दे म्हणायचं, असा त्याचा बेत. त्या आठवड्यात तो मेघाशी फार दिवसांनी गोड बोलला.

रविवारी तो धरमपेठेत पोचला. फ्रेम गॅलरीतच होती, पण दोन तुकड्यांत.

"हे काय केलं बे?" अश्विन ओरडलाच.

"कापली. काल अख्खी दुपार गेली." प्रशिकने फोड आलेला तळहात दाखवला. "तूच सांगत असते ना, वजन उचलायचा पट्टा नापास झाला का तुमच्या प्लांटात तिथंच कापून टाकतात, कोणी चुकून पुन्हा वापरू नये म्हणून. मी भंगारात देल्ली असती तं कोणीतरी जोडून चालवली असती. पडला असता बिचारा. मन होत नव्हतं गा, पण तू म्हणला ना."

अश्विनने एक तुकडा हातात घेतला. कापलेलं पोलाद चकचकत होतं, आत गंजाचा ठिपका नव्हता.

प्रशिकची बायको प्रीती तर्री-पोह्यांच्या प्लेटा घेऊन आली. "भाऊजी, तुम्ही नसतं पाहिलं तं काय झालं असतं!"

"मी तं सगळ्यायले सांगून राहिलो," प्रशिक म्हणाला, "दोस्त असावा तं असा."

अश्विनने मान खाली घातली. फ्रेम गेल्याचं दुःख होतं, लाजही वाटत होती. पण समोरच्या माणसाचा हेवा काही केल्या जाईना, उलट वाढला. लाडकी वस्तू स्वतःच्या हातानं कापून प्रशिक आवडीनं पोहे खात होता, अन् अश्विनच्या घशाखाली एक घास उतरत नव्हता.