मधलं नाव

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. कागदावर माझं नाव हार्मोनियम असं लिहितात, पण त्या नावानं मला कधी कुणी हाक मारली नाही. कपड्यांचीही पेटी, पिठाचीही पेटी आणि मीही आपली पेटीच! तरुणपणी ह्याचा मला भारी राग यायचा. आता वय झालं, राग गिळायला शिकले आहे.

माझा जन्म गुलमंडीच्या मागच्या बोळातला. पुंजाराम मिस्तरींनी सागवानी फळ्या रंधल्या, भात्याला कातडं लावलं, पितळेचे सूर एकेक करून घासले आणि मला जोडलं. मग त्यांनी डोळे मिटले, भाता हलवला आणि एक पट्टी दाबली. “बोलली पोरगी,” असं म्हणून त्यांनी माझ्या झाकणावरून हात फिरवला. तेव्हापासून मी थोडी शेफारलेलीच आहे, हे कबूल करते.

मला घ्यायला आले ते सांडू हिवराळे. गवंडी माणूस. सिमेंटनं बोटं अशी फाटलेली की माझ्या अंगावर काटाच आला. म्हटलं, झालं, हा माझ्या पट्ट्या खरवडून काढणार. पण तो हात माझ्यावर टेकला आणि मी गप्पच झाले. झोपलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा, इतका तो हलका होता.

भावसिंगपुऱ्यात सांडूभाऊंच्या दोन पत्र्याच्या खोल्या होत्या. दिवसभर ते भिंती बांधायचे आणि संध्याकाळी माझ्यापुढं बसायचे. चौघांची त्यांची गायन पार्टी होती. एप्रिल लागला, जयंतीचे कार्यक्रम सुरू झाले, की आम्ही काही घरी राहत नसू. आज फुलंब्री, उद्या सिल्लोड. टेम्पोत मला कधी खाली ठेवलं नाही त्यांनी, मांडीवर घेऊन बसायचे. “ह्या पेटीला गळा हाय,” असं लोक म्हणायचे आणि मी आतल्या आत फुगायचे. फुगायला मला भाता आहेच.

आता गोजरबाईंबद्दल सांगते. त्या सांडूभाऊंच्या बायको. त्या त्यांच्या बोटांना खोबरेल तेल चोळायच्या आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यानं माझ्या पट्ट्या पुसायच्या. कधी गायल्या नाहीत, पण गाता गाता भाऊ एखादी ओळ विसरले, तर चुलीपासून बरोबर पुढची ओळ यायची. माणूस अख्खा पाठ होता त्यांना. फक्त त्याचं नाव तेवढं त्यांनी कधी घेतलं नाही. ‘अहो’, ‘ऐकलं का’, ‘सुयशचे पप्पा’, एवढ्यावर चाळीस वर्षं संसार केला. लग्नातसुद्धा बायांनी लई आग्रह केला, तर पदरात तोंड लपवून बसल्या.

भाऊ चळवळीतले. ते चिडवायचे, “जुनं सगळं सोडलं आपण, हे एवढंच कशाला धरून बसलीस? एकदा घे की नाव.” मग ते माझी काळी दोनची पट्टी दाबायचे, भाता भरायचे आणि म्हणायचे, “हा सूर धरून ठेवतो. संपायच्या आत घे.” मी जीव एकवटून वाजत राहायची. गोजरबाई हसत राहायच्या. भाता रिकामा व्हायचा, सूर बारीक होत होत विझायचा, आणि नाव काही यायचं नाही. “तुमचं नाव माझ्या पोटात हाय,” त्या म्हणायच्या, “तिथंच बरं हाय.” किती वेळा हा खेळ झाला, मी मोजलं नाही. पुढं कधी हा खेळ थांबेल, असं वाटलंच नव्हतं ना.

सहा वर्षांपूर्वी सांडूभाऊ गेले. गोजरबाईंनी माझा भाता मिटला, कडी लावली, वर गोधडी पांघरली आणि मला कोपऱ्यात ठेवलं.

मित्रांनो, पेटीची झोप तुम्हाला ठाऊक नसेल. ना धड झोप, ना धड जाग. नळाला पाणी आलं की हंडे-कळशांचा आवाज लांबून यायचा, तो मला टाळ्यांसारखा वाटायचा. मग मी टेम्पोत असायची, मांडीवर. टेम्पो रस्ता सोडून हळूच वर जायचा, खाली मक्याची शेतं दिसायची, आणि शेतांच्या पलीकडं कुठंतरी सांडूभाऊ काळी दोन धरून वाट बघत बसलेले असायचे. मिटलेल्या भात्यात थोडी हवा राहिली होती. ती त्यांनीच भरलेली आहे, असं मी मनाशी धरून चालले होते. जागी झाले की अंधार, गोधडीचा वास आणि माझ्या डाव्या कडेला लागलेली वाळवी.

एके दिवशी गोधडी निघाली. सुयशनं तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता आणि महिनाअखेर ह्या खोल्या सोडायच्या होत्या. सुयश पोरगा वाईट नाही. त्यानं विहारात विचारून पाहिलं होतं, तिथं आता विजेवरचा कीबोर्ड आहे. घरात वाजवणारं कुणी नाही. रविवारी कारभारी भंगारवाला हातगाडी घेऊन येणारच होता, त्याच्याबरोबर पेटीही जाईल, असं सुयश म्हणाला. माझं लाकूड वेगळं, पितळ वेगळं! त्या दिवशी गोजरबाई जेवल्या नाहीत.

हे बघितलं ते त्यांच्या सुनेनं, रत्नमालानं. मेडिकलच्या दुकानात काम करणारी, शांत डोक्याची बाई. ती म्हणाली, जुन्या वस्तू विकायची एक साइट आहे. तिथं फोटो टाकू. ज्याला वाजवायची आहे, तो माणूस आपणहून शोधत येईल. तिनं दाराशी उजेडात माझे फोटो काढले, कडी उघडून, भाता मोकळा करून. सहा वर्षांनी मी श्वास घेतला. खोकला आला, पण घेतला.

फोटो मात्र साइटवर चढेनात. आधी विकणाऱ्यानं आपली ओळख पटवायची, असा नियम निघाला होता. लोक चोरीचा माल खोट्या नावानं विकतात म्हणे, म्हणून घरातली एकच वस्तू विकणाऱ्यालाही आधार कार्ड दाखवायचं आणि कॅमेऱ्यात बघून स्वतःचं पूर्ण नाव मोठ्यानं बोलायचं. संधी तीन. तिन्ही हुकल्या तर खातं महिनाभर बंद. पहिल्यांदा मी कुरकुरले. मग वाटलं, उद्या मला कुणी चोरून नेलं, तर ‘तू कोण रे?’ असं त्याला कुणीतरी विचारायलाच हवं.

गोजरबाई केस नीट करून भिंतीला टेकून बसल्या. रत्नमालानं फोन धरला.

“गोजरबाई हिवराळे,” त्या म्हणाल्या.

नाव कागदाशी जुळत नाही, असं फोननं सांगितलं. आधार कार्डावर तीन शब्द होते ना! गोजरबाई सांडू हिवराळे. रत्नमालानं समजावलं, आई, मधलं नाव पण बोलावं लागेल. गोजरबाईंनी मान हलवली. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “गोजरबाई,” मग भिंतीवरची भाऊंची तसबीर काढून गालाशी धरली, “हे,” आणि पुढं म्हणाल्या, “हिवराळे.”

एकापेक्षा जास्त चेहरे दिसत आहेत, असं फोन म्हणाला. दुसरी संधीही गेली.

रत्नमालाला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. ती म्हणाली, राहू द्या, माझ्या नावानं खातं काढू, दोन मिनिटांचं काम. पण गोजरबाई ठाम होत्या. पेटी ह्यांची, देणार मी, मग नाव तुझं कसं? फोन बंद झाला. दोन दिवस असेच गेले. मला तर हातगाडीच्या चाकांचा आवाज ऐकू यायला लागला होता.

शनिवारी दुपारी गोजरबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. फडक्यानं माझ्या पट्ट्या पुसल्या, एकेक. रत्नमालाला म्हणाल्या, धर फोन. पेटीजवळ बसूनच बोलते.

मग त्यांनी डावा हात माझ्या भात्यावर ठेवला आणि उजव्या हाताचं बोट काळी दोनवर. जन्मात कधी पेटी न वाजवलेल्या बाईनं, मित्रांनो, बघून बघून पाठ झालेली ती पट्टी बरोबर दाबली. सूर उठला. बारीक, थरथरता, वाळवीनं खाल्लेला, पण तोच. मी जीव एकवटला. एवढा मी जयंतीच्या मैदानातही कधी एकवटला नव्हता. संपू नकोस, मी स्वतःला म्हणत होते, आज संपू नकोस.

“गोजरबाई,” त्या म्हणाल्या. ओठ हलले, थांबले. भाता खाली खाली येत होता. “सांडू हिवराळे.”

फोनवर हिरवी खूण आली. ती त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. त्या तसबिरीकडं वळल्या होत्या.

“सांडू,” त्या हळूच म्हणाल्या. “घेतलं बरं का. ऐकलं का?”

रत्नमाला फोन तसाच हातात धरून रडत होती. मी पेटी आहे, मला रडता येत नाही. माझ्यातून नुसती हवा गेली.

दुसऱ्या दिवशी कारभारी हातगाडी घेऊन आला आणि एक मोडकी खाट, दोन डबे घेऊन गेला. माझ्याकडं त्यानं पाहिलं, तशी गोजरबाईंनी पदराचं टोक माझ्यावर टाकलं.

चार दिवसांनी साइटवरचे माझे फोटो बघून चितेगावहून मंजुषा आली. तिथल्या शाळेत ती लहान वर्गांना शिकवते. म्हणाली, आमच्याकडं परिपाठाची गाणी मोबाइलवर लावतात, पोरं ओठ नुसते हलवतात. तिला लगेच मला उचलून न्यायचं होतं. गोजरबाईंनी तिला खाली बसवलं.

“माझी वळख त्या फोननं तीनदा तपासली,” त्या म्हणाल्या. “आता म्या तुझी तपासते. वाजव.”

मंजुषा गोंधळली, हसली आणि तिनं भाता हलवला. माझे दोन सूर मुके झाले होते, ते चुकवत ती वाट काढत गेली. जयंतीतलंच एक जुनं गाणं होतं. मध्येच ती अडखळली आणि गॅसपाशी चहा ठेवणाऱ्या गोजरबाईंकडून पुढची ओळ आली. मंजुषानं ती उचलली. झाली ओळख पक्की.

चहा घेताना तिनं विचारलं, कुणाची हो ही पेटी?

“सांडू हिवराळ्यांची,” गोजरबाई म्हणाल्या. कप तिच्या हातात देता देता, अगदी सहज.

आता मी शाळेत आहे. वाळवीची फळी बदलली, मुके सूर पुन्हा बोलू लागले. सकाळी पन्नास पोरं माझ्यामागं गातात आणि त्यातली निम्मी बेसूर असतात, पण असू दे. माझं एवढंच मागणं आहे. आम्हाला झाकून कोपऱ्यात ठेवू नका, वाजवणाऱ्या हातात द्या. ओल्या हातानं पट्ट्यांना शिवू नका, आणि दिवसातून एकदा तरी भाता मोकळा करा. आणि ज्याचं नाव घ्यायचं राहून गेलं असेल, त्याचं नाव आजच घ्या. कुणीतरी सूर धरून तुमची वाट बघत असतं, मित्रांनो, आणि भाता रिकामा होत असतो.