खंडूच्या अंगातला देव

खंडूनं डोळे उघडले, तर आज कुणीच हात जोडून उभं नव्हतं.

एरवी कारखान्यात पत्रे दाबणाऱ्या यंत्रांच्या प्रेस शॉपमध्ये फरशीवर तो शुद्धीवर यायचा, तेव्हा माणसं पाया पडायला टपलेली असायची. खरं तर त्याला येई ती साधी फीट. पण कंपनीला कळलं असतं तर प्रेसवरून उचलून थेट घरीच पाठवलं असतं. म्हणून पहिल्याच खेपेला दत्तोबानं ठोकून दिलं होतं, "म्हसोबा येतो त्याच्या अंगात! सायबाला सांगाल तर कोप व्हईल!" झालं! कुणी चकार शब्द काढीना. भोळा सोनबा तर लेकीला मूल कधी होईल, हेही देवाला विचारून बसला. उत्तर अर्थातच दत्तोबानं दिलं.

दत्तोबा म्हणजे जिवाभावाचा मैतर. उकाड्यात झोप मोडली की खंडूला हमखास फीट येते, हे घरच्यांखेरीज त्यालाच ठाऊक. नोकरीत कायम करायला जागा एकच आणि त्यासाठी नावं या दोघांची. तरी खंडूच्या मनात पाल चुकचुकली नाही. "बायको तापानं फणफणलीय. माझी रात्रपाळी तेवढी कर रं," असं दत्तोबा म्हणाला आणि वैशाखातल्या घामट रात्री हा बाबा मुकाट उभा राहिला. सकाळी पुन्हा स्वतःच्या पाळीला हजर! आणि तिथंच कोसळला.

आता बायकोचा ताप सोडून सकाळीच हजर झालेला तोच दत्तोबा साहेबांना सांगत होता, "देव-बिव काय न्हाई साहेब, फेफरं हाय त्याला. मशिनवर पडला तर जबाबदार कोण?"

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब खंडूला म्हणाले आणि केबिनकडे वळले.

सोनबा खंडूवरच उखडला. "आमी नारळ फोडले तुझ्याम्होरं! फशिवलंस व्हय रं आमाला?"

खंडूच्या तोंडात चावलेल्या जिभेचं रक्त होतं. फीट ठाऊक असून देव दत्तोबानंच उभा केला, एवढं साहेबांना ओरडून सांगितलं असतं, तर त्याचीही नोकरी गेली असती. शब्द ओठांवर आले होते. ज्याच्या भरवशावर निर्धास्त पडत आलो, त्यानंच केसानं गळा कापला! पण ते शब्द खंडूनं रक्तासोबत गिळले.

दत्तोबानं उठवायला हात पुढं केला. खंडूनं तो बाजूला सारला.

"सांगायचंच व्हतं, तर मी शुद्धीत असताना सांगायचं, दत्तू."

मग भिंतीचा आधार घेत तो एकटाच गेटकडं निघाला.